डाखाखालचं अक्षर

तात्यांच्या दुकानात हात धुतल्याशिवाय नाण्याला हात लावता येत नसे. दाराशी पाण्याने भरलेला पितळी तांब्या असे आणि वर खुंटीला पंचा. गिऱ्हाईक पायरी चढलं की तात्या मान वर न करता म्हणत, "आधी हात." एकदा एक कंत्राटदार चिडला. म्हणाला, "मी काय जेवायला आलोय का?" तात्या म्हणाले, "जेवायला आला असतात तर एवढा आग्रह केला नसता. पोट तुमचं आहे. नाणं लोकाचं आहे."

बोईसर स्टेशनाकडून बाजारात शिरताना डाव्या हाताला हे दुकान होतं. दुकान म्हणजे दोन माणसं मांडी घालून बसली की तिसऱ्याने पायरीवर टेकायचं, एवढी जागा. तात्या जातीचे सोनार, पिढीजात धंदा. पण त्रेसष्ट साली सोन्यावर नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही असा कायदा झाला, आणि तात्यांची शेगडी जवळजवळ विझली. शेजारच्या गावातल्या एका सोनाराने पानाची टपरी टाकली. तात्या चांदीवर आले. कोळणींची जोडवी, आदिवासी बायांचे वाळे, कोणाच्या देवघरातलं निरांजन. "सोनं गेलं ते बरं झालं," असं म्हणायचे. "सोन्याकडं बघताना माणूस दुसरं काही बघत नाही." पण हे म्हणताना काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून भांडं जरा जोरात आपटायच्या, हेही मी ऐकलेलं आहे.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. नांदेडला ट्रकवर क्लीनर होतो, तिथं गाडी शिकलो, आणि तारापूरला अणुविजेच्या केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा कोणीतरी सांगितलं म्हणून इकडं आलो. अमेरिकन इंजिनिअरांच्या जीपगाड्या चालवायला माणसं हवी होती. सालवडला एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. समुद्र मी त्याआधी पाहिला नव्हता. मला सगळ्याचीच भीती वाटायची. साहेबाची, साहेबाच्या इंग्रजीची, गाडीला ओरखडा पडण्याची, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे एक दिवस कोणीतरी येऊन "उद्यापासून नको" असं सांगेल, याची. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या मनीऑर्डरवर होत्या.

माझ्या वाट्याला आले ते लॉसनसाहेब. उंच, लालबुंद, गाडीत बसले की शीळ घालायचे. त्यांच्या बाईंच्या चांदीच्या साखळीचा फासा तुटला म्हणून मी त्यांना तात्यांकडं नेलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

तात्यांनी फासा जोडला. पैसे देताना साहेबांनी खिशातून मूठभर चिल्लर काढली, त्यात एक भलं मोठं चांदीचं नाणं होतं. अमेरिकेतला जुना डॉलर. साहेब ज्या मुलखातले, तिथल्या जुगाराच्या अड्ड्यांवर असले डॉलर परवापरवापर्यंत सर्रास मिळायचे, आणि हा एक ते शकुनाचा म्हणून खिशात बाळगत. तात्यांनी हात पुढं केला. बोटाच्या टोकावर तो डॉलर तोलून धरला, एका रुपयाने त्याच्या कडेला हलकं टिचकावलं आणि उजवा कान जवळ नेला. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. मग तराजूत टाकला. "दोन तोळे साडेतीन मासे," म्हणाले. "परभणीकर, साहेबाला विचार, एक दिवस ठेवू का?" मला ते पहिल्या दिवसापासून परभणीकरच म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

साहेबांनी हसून डॉलर ठेवला. दुसऱ्या दिवशी गेलो तर तात्यांनी तो छोट्या पाटावर मांडून ठेवला होता, शेजारी जास्वंदीचं फूल. रिठ्याच्या पाण्यात उकळून, चिंचेने घासून, मऊ ब्रशाने कोरून काढलेला. आरशासारखा. तोंड बघून घ्यावं असा. आमच्याकडं सोनाराकडं दिलेली चांदी मळकी परत आली तर त्या सोनाराकडं पुन्हा कोणी जाणार नाही. तात्यांनी आपल्याकडून साहेबाचा मान केला होता, आणि वरकड पैसेही घेणार नव्हते.

साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

ते जे बोलले त्यातलं मला अर्धंच कळलं, पण तेवढं पुरेसं होतं. मी घाबरत घाबरत सांगितलं, "तात्या, साहेब म्हणतात, ऐंशी वर्षं त्याच्यावर रंग चढत होता. जुनं नाणं घेणारा तो रंग बघून पैसे देतो. तुम्ही तो धुतला."

तात्या बराच वेळ त्या चकचकीत डॉलरकडं बघत राहिले. मग म्हणाले, "परत कधी चढेल, विचार."

"साहेब म्हणतात, आणखी ऐंशी वर्षं."

"मग सांग, तेवढं थांबायला मला जमायचं नाही. नुकसान किती झालं ते घ्या म्हणावं."

हे मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं आणि साहेब एवढे हसले की बाहेरचा चहावाला डोकावून गेला. डॉलर नेहमीच्या सालातला आहे, असे लाखोंनी आहेत, काही बिघडलं नाही, म्हणाले. पण पुढच्या शनिवारी ते स्वतःहून आले आणि सोबत नाण्यांच्या किमतींचं एक जाडजूड पुस्तक आणलं.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी माझी जीप त्या दुकानासमोर उभी असायची. साहेब पायरीवर बसत, कारण त्यांचे पाय आत मावत नसत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मला दोघांच्यामधलं थोडंथोडं. पण नाणं समोर आलं की माझी गरज फारशी पडत नसे. एक बोट ठेवायचा, दुसरा भिंग लावायचा. घड्याळजीचं असतं तसलं भिंग, डोळ्यात खोचायचं. तात्या ते लाल मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून कमरेला ठेवत. "नो वॉश," तात्या म्हणायचे. "नो वॉश," साहेब म्हणायचे. मग दोघंही हसायचे.

अमेरिकेत नाणी पाडायच्या टांकसाळी अनेक, आणि प्रत्येकीचं बारीकसं अक्षर नाण्याच्या मागच्या बाजूला असतं. साल तेच, चित्र तेच, पण अक्षर बदललं की एक नाणं चांदीच्या भावाने जातं आणि दुसऱ्यासाठी लोक पदरमोड करतात, हे ऐकून तात्या हरखून गेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी आपली सोय केली. 'ओ' म्हणजे बांगडी. 'एस' म्हणजे कोळंबी. 'डी' म्हणजे करंजी. आणि 'सी' लागोपाठ दोनदा आलं तर दोन विळे. ही दोन विळ्यांची टांकसाळ कुठल्याशा वाळवंटातली, थोडीच वर्षं चालली, म्हणून तिची नाणी कमी. मी सातवी नापास माणूस, इंग्रजी अक्षरं मला ओळीने कधीच आली नव्हती. ती मी तिथं शिकलो. आजही 'एस' लिहिताना मला आधी कोळंबी दिसते.

हळूहळू आसपास बोभाटा झाला की बोईसरचा सोनार अमेरिकन नाणी ओळखतो. साहेबांच्या बंगल्यांवरचे खानसामे, माळी, बक्षिसी मिळालेली चिल्लर घेऊन यायचे. "तात्या, देखो ना, चांदी है कि नहीं?" पासष्ट सालापासूनच्या नाण्यांतली चांदी अमेरिकन सरकारने काढून घेतली होती. तात्या नाण्याचं तोंड बघतच नसत. आडवं धरून कड बघत. कडेला तांब्याची तांबूस रेघ दिसली की परत. "याच्या पोटात तांबं आहे, वर नुसती शेरवानी घातलीय."

एकदा मुंबईहून एक गृहस्थ आले. टेरिलीनचा शर्ट, हातात चामड्याची बॅग. कुठल्या तरी संस्थानिकाच्या तिजोरीतले म्हणून दहा जुने डॉलर त्यांनी तात्यांसमोर ठेवले. सगळे दोन विळ्यांचे. गृहस्थ नुसते बोलत होते. तात्यांनी त्यांना हात धुवायला लावले, चहा मागवला, आणि दहाही डॉलर फडक्यावर एका रांगेत मांडले. मग एकेकाला भिंग लावत, अजिबात घाई न करता, रांगेच्या या टोकाकडून त्या टोकाला गेले.

"दहा भावंडं," म्हणाले. "होय ना?"

"हो हो, एकाच घरातले."

"आणि दहाही जणांना कानाखाली एकाच जागी तीळ?"

गृहस्थांनी चहा अर्धा टाकला. खऱ्या नाण्याला जो ओरखडा होता तो साच्यात उतरला होता आणि साच्यातून दहाही जणांच्या गालावर. तात्यांनी आरडाओरडा केला नाही, चौकीवर निरोप पाठवला नाही. गृहस्थ उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी निदान एखाद्याचा तीळ सरकवा. चुलत तरी वाटतील."

हे सगळं मी कौतुकाने सांगतोय, पण साहेबांच्या येण्याने तात्यांच्या घरात काय बदललं, तेही सांगायला हवं. लॉसनसाहेबांच्या मागोमाग इतर मडमा आल्या. कोणाला चांदीचा करंडा हवा, कोणाला कानातलं, कोणाला अत्तरदाणी. शेगडी पुन्हा पेटली. काकूंच्या आतल्या भांड्यांचा आवाज कमी झाला. धाकट्या मुलीचं लग्न ठरायच्या बेतात होतं. हे सगळं एका माणसाच्या शनिवारवर उभं होतं, आणि हे तात्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

भिकीबाय तारापूरच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातली. डोक्यावर पाटी घेऊन साहेबांच्या बंगल्यांवर मासे विकायला यायची. साठीची असेल, पण चाल अशी की माझ्या जीपला बाजूला व्हावं लागायचं. पोराच्या होडीची डोलकाठी मोडली होती. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की होड्या बाहेर पडणार, आणि डोलकाठीशिवाय त्यांची होडी किनाऱ्यावरच राहणार. सागाचं लाकूड घ्यायला पैसे नव्हते. तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात एक मोठं रुप्याचं नाणं होतं, ते साहेबांनी मासे घेताना पाहिलं.

तिच्या नवऱ्याचा आजा कुठल्याशा गलबतावर खलाशी होता, चीनपर्यंत गेला होता, तिकडून त्याने ते आणलं, अशी घरातली गोष्ट. नाण्यावर एक बाई समुद्रकिनारी गाठोड्यांवर बसलेली आहे, हात पाण्याकडं केलेला. अमेरिकेने चीनच्या व्यापारासाठी मुद्दाम पाडलेला तो डॉलर, नेहमीच्या डॉलरपेक्षा वजनाने अर्धा मासा जास्त, हे मला तात्यांकडून नंतर कळलं. भिकीबायला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी नाण्यावरची बाई कोळीणच होती. "पाट्यांवर बसलीय, नवऱ्याची होडी येते का बघतेय. आमच्या घरात सगळ्या बाया अशाच बसल्या."

साहेबांनी साठ रुपये देऊ केले. भिकीबाय हुशार. ती म्हणाली, "तात्या सांगेल तर देईन." नाण्याला कडी तात्यांच्याच वडिलांनी लावून दिली होती, म्हणून त्या घराचा तात्यांवर विश्वास.

असे त्या शनिवारी आम्ही चौघं दुकानात जमलो. श्रावण लागला होता, बाहेर चिखल. भिकीबायने न सांगता हात धुतले.

तात्यांनी नाणं घेतलं. समोरून बघितलं, साल वाचलं. नाण्यावर इथंतिथं बारीक परके ठसे मारलेले होते, चिनी सराफांचे. नाणं ज्याच्या ज्याच्या हातात गेलं, त्याने खात्री करून आपला ठसा मारला होता. ते बघून तात्यांना मोठा आनंद झाला. "हे आपलेच लोक," म्हणाले. मग उलटवलं. बाईचं डोकं वर यावं अशी कडी लावलेली, आणि मागचा गरुड तिच्या उलटा, डोकं खाली, त्यामुळं त्या बाजूला गरुडाच्या पायांखाली कडी जोडताना कथलाचा डाख ओघळला होता. वालाच्या दाण्याएवढा. आणि टांकसाळीचं अक्षर नेमकं तिथंच असतं.

तात्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी खाली पाहिलं.

तेव्हा मला काही कळलं नाही. तात्यांना कळलं. त्या सालात हा डॉलर व्यवहारासाठी दोनच टांकसाळींनी पाडला होता. एकीने लाखोंनी, दुसरीने अगदी थोडे, आणि त्यांतलेही बरेच वितळवलेले. हे साहेबांनीच त्यांना पुस्तकातून दाखवलं होतं. डाखाखाली काय आहे हे साहेबांनाही माहीत नव्हतं. पण काय असू शकतं हे माहीत होतं, आणि ते त्यांनी भिकीबायला सांगितलं नव्हतं.

"बाय," तात्या म्हणाले, "या डाखाखाली एक खूण आहे. कोळंबी निघाली तर हे नाणं पंधरा रुपयांचं. साहेब साठ देतायत ते जास्तच आहेत. दोन विळे निघाले तर साठ काहीच नाहीत. डाख काढल्याशिवाय सांगता येत नाही. काढताना कथील जास्त तापलं तर चांदी खाईल, मग दोन्हीकडून गेलं. आता तू सांग."

मी हे साहेबांना सांगितलं. साहेब पटकन म्हणाले, आहे तसं घेतो, उघडू नका. शंभर देतो. आत्ता.

भिकीबायने त्यांच्याकडं बघितलं नाही. तात्यांना म्हणाली, "तू असतास तर काय केलं असतंस?"

"मी सोनार आहे. मी उघडलंच असतं. पण डोलकाठी माझी मोडलेली नाही."

तिने बोटांवर हिशोब केला. मग म्हणाली, "शंभरानं निम्मं लाकूड येईल. निम्म्या काठीवर शीड चढत नाय. उघड."

तात्यांनी नाणं ओल्या वाळूत उभं पुरलं. कडी आणि डाख तेवढे बाहेर. फुंकणी तोंडात धरली आणि दिव्याची ज्योत सुईसारखी बारीक करून कडीवर सोडली, डाखावर नाही. मी त्यांना पुष्कळदा काम करताना पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्यांच्या गळ्याची शीर फुगलेली दिसत होती. आतून काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. कथील चमकलं, हललं, आणि त्याच क्षणी तात्यांनी कोंबडीच्या पिसाने ते अलगद झटकलं. कडी वाळूत पडली.

नाणं निवल्यावर त्यांनी ते साहेबांना दिलं नाही, स्वतःही बघितलं नाही. भिंग भिकीबायच्या हातात दिलं. "डोळ्याला लाव. गरुडाच्या पायाखाली बघ. काय दिसतं?"

तिला भिंग धरता येईना. दोनदा पडलं. मग एकदम म्हणाली, "विळा हाय."

"एक?"

"थांब की रे बाबा. एक… नाय, दोन हायत. पाठीला पाठ लावून नाय, एकामागं एक. दोन विळे हायत तात्या!"

तात्यांनी डोळे मिटले. मग बघितलं. मग साहेबांना दिलं, आणि साहेबांनी इतका वेळ बघितलं की चहा निवून साय धरली.

किंमत सांगायची वेळ आली. तात्या मोठ्याने हिशोब करत होते. पुस्तकातला आकडा चांगल्या नाण्याचा. चिनी ठशांचे कमी केले. डाखाचा डाग राहिला, त्याचे कमी केले. "तो डाग आमच्या घरचा आहे, त्याचे जरा जास्तच कमी करतो," म्हणाले. "साडेतीनशे. यापेक्षा कमीत बायने देऊ नये. सांग साहेबाला."

साहेबांचा चेहरा मी आरशात रोज बघत होतो, तो असा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली, तात्यांची गिऱ्हाइकं गेली, पोरीचं लग्न गेलं. आणि मी इंग्रजीत म्हणालो, "टू फिफ्टी."

तात्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. नाण्यांवर आकडेच तर असतात.

"परभणीकर," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी किती म्हणालो?"

"साडेतीनशे."

"मग मधले शंभर कुठं सांडले?"

तात्यांनी स्वतःच साहेबांकडं वळून तीन बोटं वर केली, मग पाच, मग मूठ मिटली. "थ्री. फाइव्ह. झीरो."

साहेब उठले. तात्यांना म्हणाले, हे सगळं तू माझ्याकडून शिकलास.

मी या वेळी नीट सांगितलं. तात्या म्हणाले, "होय. खोटं शिकवलं असतंत तर साठच सांगितले असते."

साहेबांनी नाणं फडक्यावर ठेवलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी शीळ घातली नाही. त्यानंतरही कित्येक दिवस नाही.

संध्याकाळी मी एकटाच परत गेलो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "तात्या, मला काढलं तर?"

"तर इथं भाता ओढ."

"पगार?"

"काकूच्या हातची भाकरी आणि माझी बडबड. बडबड जास्त मिळेल." मग काकूंना मला वाटीत वालाची उसळ वाढायला सांगून म्हणाले, "तू घाबरून बोललास, लबाडीने नाही. मला फरक कळतो. पण बायला तो कळला नसता. तिच्या हातात अडीचशेच पडले असते."

त्या दिवसाबद्दल ते मला पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. एखाद्याने चारचौघांत माझे वाभाडे काढले असते. मला आयुष्यात पुष्कळांनी बोलून घेतलंय, त्यातलं थोडंच लक्षात आहे. हे न बोललेलं तेवढं जसंच्या तसं आहे.

पुढचा शनिवार रिकामा गेला. त्यानंतर साहेबांनी मला पुस्तक परत आणायला पाठवलं. तात्यांनी ते कागदात गुंडाळून दिलं, आतली दुमडलेली पानं बोटाने सरळ करून. मडमांचं येणं थांबलं. एकीने अर्धवट झालेल्या करंड्याचे पैसे पाठवले आणि करंडा नेलाच नाही. काकूंनी भांडंही आपटलं नाही, ते जास्त ऐकू आलं. तात्या पायरीकडं तोंड करून बसत ते आता भिंतीकडं करून बसू लागले. म्हणायचे उजेड डोळ्यावर येतो.

पुनवेला चार दिवस उरले असताना साहेबांनी गाडीत बसता बसता मला एक पाकीट दिलं. साडेतीनशे रुपये. मासेवालीला दे आणि नाणं घेऊन ये, एवढंच म्हणाले. त्यांच्या मनात मधल्या दिवसांत काय झालं ते मला माहीत नाही. मी ते विचारू शकेन असा माणूस नव्हतो. भिकीबायने नोटा तात्यांसमोरच पदरात बांधल्या आणि नाण्यावरच्या बाईला कपाळाला लावलं. "जा बाय," तिला म्हणाली, "तुझ्या घरी जा." पुनवेला तिच्या पोराची होडी नव्या काठीसकट पाण्यात गेली. मी आणि तात्या बघायला गेलो होतो. तात्यांना होडी लागते, नुसती किनाऱ्यावरून बघूनही त्यांना गरगरलं आणि ते वाळूत बसून राहिले.

साहेब मात्र दुकानात पुन्हा आले नाहीत. बाजारातून गाडी जाताना ते दुसरीकडं बघायचे. असं वर्ष दीड वर्ष चाललं. शेगडी मंद का होईना चालू राहिली. मुलीचं लग्न लांबलं, पण झालं.

मग साहेबांचं इथलं काम संपलं. त्यांना मुंबईला विमानतळावर पोचवायचं होतं. सामान लादलं, बाई मागं बसल्या. बोईसरच्या बाजारात आलो तसे साहेब म्हणाले, थांब.

दुकान बंद होतं. सोमवार. रविवारी तात्या पालघरला थोरल्या भावाकडं जात आणि सोमवारी सकाळी सायकलवर परत येत, हे मी सांगितलं. साहेब बंद फळ्यांसमोर पायरीवर जाऊन बसले. वीस मिनिटं बसले. बाईंनी दोनदा घड्याळ दाखवलं. शेवटी उठले.

बेटेगाव मागं पडलं आणि पुढच्या सरळ रस्त्यावर मला समोरून सायकल दिसली. पांढरी टोपी, धोतराला चिमटा. साहेबांनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की गाडी कडेला गेली.

दोघं रस्त्यावर उभे राहिले. मी मध्ये गेलो. साहेबांनी शर्टाच्या खिशातून भिकीबायचा तो डॉलर काढला आणि तळहातावर धरला. तात्यांनी दोन्ही हात आधी धोतराला पुसले. रस्त्यावर तांब्या कुठला! मग कमरेच्या लाल मखमलीच्या तुकड्यातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि उन्हाकडं पाठ करून बघू लागले. मागं सिमेंटचा ट्रक येऊन थांबला, भोंगा वाजवायला लागला. तात्यांनी त्याच्याकडं न बघता दुसऱ्या हाताने थांब अशी खूण केली, आणि आश्चर्य म्हणजे तो थांबला.

"धुतलं नाही," तात्या म्हणाले.

"नो वॉश," साहेब म्हणाले.

तात्या मला म्हणाले, "साहेबाला सांग, असं खिशात नेऊ नको. प्रवास लांबचा, चिल्लर घासते." आणि मखमलीच्या तुकड्यात डॉलर ठेवून त्यांनी त्याची नीट घडी केली, कोपरे आत दुमडले, आणि ते पुडकं साहेबांच्या खिशात आपल्या हाताने घालून वरचं बटण लावलं. साहेबांनी त्यांचा हात धरला. सोडेनात. ट्रकवाला आता शिव्या देत होता.

गाडी सुरू केल्यावर मी आरशात पाहिलं. तात्या रस्त्याच्या कडेला सायकल मांडीला टेकवून उभे होते. हातात उघडं भिंग होतं आणि ते ठेवायला आता काहीच नव्हतं. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात घालून बघितलं, काढलं, फुंकर मारली. शेवटी धोतराच्या सोग्याला गाठ मारून त्यात बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि सायकलवर टांग टाकली.